आता म्हणजे नेमकं कधी

रविवार आमच्या घरात बाबांचा आणि माझा होता. आईचा नव्हता, आणि तिला तो नकोही होता. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि रायपूरच्या गुढियारीतलं आमचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं की शंटिंगचा धक्का बसला की फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून वाजायचे. आई फोडणीतला हात न थांबवता म्हणायची, "आली माही सवत." मालगाडीला ती सवत म्हणायची, कारण गाडी लागली की बाबा भरल्या ताटावरून उठून जायचे. पण रविवारी ते उठायचे ते माझ्यासाठी. मला हाक मारायचीही गरज नसे. स्वयंपाकघरात पितळी डब्याचं झाकण वाजलं, की ते माशांसाठी कणीक मळतायत हे मला अंथरुणातच कळायचं. कणकेत तिळाची पेंड, थोडा गूळ, आणि आईच्या नजरेआड चिमूटभर हिंग. आई म्हणायची, "घरच्या पोळ्यांले कधी हात लावला नाही, अन् मासोळ्यांची जावयासारखी खातिरदारी." मग आम्ही दोघं बासी खायचो, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला थंडगार आंबूस भात, सोबत कांदा आणि हिरवी मिरची, आणि स्कूटर काढून निघायचो. बाबा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर आडवी धरलेली गरी. गरी म्हणजे गळाची काठी. छत्तीसगढीत गळ टाकायला जाण्याला 'गरी खेलना' म्हणतात, आणि आमच्या मराठीतही ते तसंच येऊन बसलं होतं. बाबा नागपूरच्या काकांना पत्रात लिहायचे, 'ज्योत्स्ना आणि मी दर रविवारी गरी खेळतो', आणि काकांना बरीच वर्षं वाटत होतं की हा कॅरमसारखा काही खेळ असावा.

मी एकुलती एक. गल्लीतल्या काकू म्हणायच्या, "भाऊजीनं पोट्टीले पार पोट्टा करून टाकलं." त्या हे टोमणा म्हणून म्हणायच्या आणि मी ते कौतुक म्हणून घ्यायचे. तळ्याच्या काठावर सगळे पुरुष, आणि त्यांत बाबांच्या उजव्या हाताला मी, दोन वेण्या घालून. बाबा बोलके नव्हते. तिथे तर ते अगदीच गप्प असायचे. पण पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी बुडाली रे बुडाली, की ते माझ्या कानाशी दबक्या आवाजात म्हणायचे, "आता!" आणि मी हिसका द्यायचे. कणकेच्या गोळीला रोहू लागतो तो असाच, काडी बुडाली की लगेच ओढायचं असतं, एक श्वास उशीर झाला तर गळ चाटूनपुसून मोकळा. दहा वर्षांची होते तेव्हापासून मी तो 'आता' ऐकत आले होते. पुढे पुढे तर तो कानावर पडायच्या आधीच माझा हात हलायचा. आम्हा दोघांमध्ये एवढा एकच शब्द होता, पण तेवढा शब्द जगात दुसऱ्या कुणाचा नव्हता, अशी माझी समजूत होती.

मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमच्या रायपूरची राजधानी झाली. लोक मोठमोठ्या गोष्टी सांगतात, पण राजधानी झाली म्हणजे आमच्यापुरतं काय झालं, तर आमच्या गच्चीवर टिनाची एक खोली झाली. भोपाळहून माणसं लोंढ्यानं येत होती, सरकारी क्वार्टरं तयार नव्हती, आणि ज्याच्या त्याच्या घरावर भाडेकरूंसाठी वीट चढत होती. आमच्याकडे नीलिमा दीदी आली. मंत्रालयात टायपिस्ट, वय चोवीस-पंचवीस, एक होल्डॉल, एक पत्र्याची पेटी आणि एक लांबोळकं बोचकं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ती उंच होती, हसरी होती, आल्या दिवशीच आईच्या हातातली बादली घेऊन तिनं जिना चढवली. आईला ती त्या बादलीसरशीच आवडली. मलाही आवडली होती, हे खोटं कशाला सांगू. दोन आठवडे तरी आवडली होती.

बाबांचं हिंदी हा गल्लीतला जुना विनोद होता. तीस वर्षं रायपुरात काढून त्यांना हिंदीतलं बाई-पुरुष जमलं नव्हतं. मराठीत चहा पुरुष म्हणून हिंदीतही पुरुष, भाजी कधी बाई कधी पुरुष, जशी जिभेवर येईल तशी. दीदीशी बोलताना ते म्हणायचे, "बेटा, चाय ठंडा हो गया, गरम करता है तुम्हारा चाची." मी लाजून मान खाली घालायचे. दीदी मात्र कधी हसली नाही. ती त्यांना चाचाजी म्हणायची आणि त्यांच्या मोडक्या वाक्यातला अर्थ बरोबर उचलून घ्यायची. इतके सोयीचे कान असलेली माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत.

ते बोचकं तिनं एका संध्याकाळी गच्चीवर उघडलं. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. ते भोपाळच्या तळ्यावर गळ टाकायचे, ती त्यांचा डबा घेऊन जायची, पण तिनं स्वतः काठी कधी धरली नव्हती. बोचक्यात त्यांची काठी होती, चकचकीत, दोरा गुंडाळायची चरखी लावलेली, आणि एका डब्यात रबराचे बेडूक. जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणा मित्रानं त्यांना आणून दिलेले. हिरवे, पिवळ्या पोटाचे, दाबले तर खऱ्या बेडकासारखे मऊ लागणारे. बाबांनी एक बेडूक तळहातावर घेतला आणि लहान मुलासारखा दाबून दाबून पाहिला. त्याच्या पाठीला चिकटून गळाची दोन टोकं रबरात दडलेली होती. बेडूक जलकुंभीवरून, म्हणजे जलपर्णीवरून, कमळाच्या पानांवरून फरफटत आणला तरी कशात अडकत नव्हता. मासा त्याला चावला, रबर दबलं, की मगच टोकं वर यायची. "काय डोकं आहे राव," बाबा मराठीतच म्हणाले. आणि मग दीदीला म्हणाले, "रविवार को चलेगा क्या?"

पुढच्या रविवारी स्कूटरवर बाबांच्या मागे दीदी बसली आणि दीदीच्या मागे मी. म्हणजे सीटवर कमी आणि स्टेपनीवर जास्त. पाहुणी मध्ये बसते, हे आईनं ठरवलं, आणि पाहुणी पुढचे चार महिने पाहुणीच राहिली. खड्डा आला की मी दीदीच्या पाठीवर आदळायचे आणि तिच्या ओढणीचं टोक माझ्या तोंडात जायचं. बाबांची पाठ मला दिसतच नव्हती. मला मत्सर वाटला. एवढासा प्रसंग, पण मला त्या स्टेपनीवर बसल्या बसल्या जन्मभर पुरेल असा दीदीचा राग आला, आणि ज्या मुलीचे वडील नाहीत तिचा राग आला म्हणून स्वतःचाही आला, आणि तोही शेवटी तिच्याच नावावर गेला.

आमची जागा सिलतऱ्याच्या रस्त्याला होती, डांबरी सोडून कच्च्या वाटेनं आत. फरशीच्या दगडाची सोडून दिलेली खदान, वर्षानुवर्षं पाणी साचून तिचं तळं झालेलं. लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी कमळाच्या पानांवर बसायची आणि परत येताना आमच्या नाकपुड्या काळ्या झालेल्या असायच्या. तिथे मरळ होती. मरळ कणकेला तोंड लावत नाही, तिला जिवंत हलणारं काहीतरी लागतं, म्हणून आजवर ती आमच्या वाट्याला आली नव्हती. त्यातली एक तर हातभराहून मोठी होती. बाबा तिला गार्डसाहेब म्हणायचे, कारण ती सगळ्यात शेवटी दिसायची आणि दिसली की निघून जायची. तीन वर्षं ते तिला नुसतं बघत होते. आता हातात रबराचा बेडूक आला होता.

बाबांनी काठी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. मी बेडूक पानांपलीकडे फेकला, हळूहळू उड्या मारत आणला, आणि पाणी फाटल्यासारखं फुटलं. "आता!" बाबा म्हणाले. मी हिसका दिला आणि बेडूक पाण्यातून सुटून माझ्या कानाजवळून सणसणत मागच्या बाभळीत गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. बाबांनी स्वतः फेकून पाहिला, त्यांचाही सुटला, तेव्हा ते म्हणाले, "नवीन चीज आहे, हात बसला पाहिजे." मग काठी दीदीकडे गेली. पाणी फुटलं. "आता!" बाबा म्हणाले. दीदी तशीच उभी. मी मनात म्हटलं, बावळट, झोपलीस काय. आणि मग कुठे तिनं टोक खाली केलं, चरखीला दोन वेढे दिले, आणि कमरेतून मागे झुकून ओढलं. काठी वाकली. दोन वितींची मरळ काठावर येऊन आपटायला लागली, आणि बाबा, माझे न बोलणारे बाबा, टाळ्या वाजवत होते.

असं एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. पण तो अख्खा हिवाळा तसाच गेला. माझे मासे सुटत राहिले, तिला लागत राहिले. घरी आई मरळीचा रस्सा करायची, भाजलेलं खोबरं, खसखस, आणि शेजारणीकडून शिकून घातलेल्या वाळल्या कैरीच्या फोडी. बाबा भातावर रस्सा ओढत सांगायचे, "नीलिमाचा हात पाहा कसा थंडा आहे. जोसने, तुहा हात उतावळा आहे." ते प्रेमानंच म्हणायचे. मी काटा काढण्याच्या निमित्तानं बोट तोंडात धरून बसायचे, कारण रडू येत होतं आणि माशाचा काटा लागला म्हटलं की घरात कुणी जास्त विचारत नाही. जो हात त्यांनी दहाव्या वर्षापासून घडवला तो हात नापास, आणि टायपिस्टचा हात पहिल्या श्रेणीत. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी बाबांनी सरळ सांगून टाकलं, "गार्डसाहेब वर आले की काठी नीलिमाच्या हातात राहील. तू हातजाळी धर." हातजाळी म्हणजे दुसऱ्यानं आणलेला मासा उचलायची बांबूची जाळी. मी "हव" म्हटलं. छत्तीसगढीतला हा होकार मला फार उपयोगी पडत आलाय, त्यात काहीही लपवता येतं.

मधेच सांगते. माझा मुलगा हे वाचेल तेव्हा म्हणेल, "मम्मी, इतनी सी बात?" तो मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. त्याला भावंड नाही आणि त्याच्या बापाकडे वेळ नाही, त्यामुळे त्याला वाटून घ्यावं लागेल असं काही कधी मिळालंच नाही. केस रंगवायचं सोडलं त्या वर्षी मी ठरवलं, की आपल्याबद्दल जे सांगायचं नाही तेच आधी लिहून टाकावं. तर ते आता येतंय.

एका दुपारी गच्चीवर दीदी आणि मी उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो होतो. मी होऊन विषय काढला. एवढा वेळ थांबायचं तुला सुचतं तरी कसं, तुझ्या वडिलांनी शिकवलं होतं का? ती शेंगेतले दाणे दातांनी काढत हसली. "अरे नहीं, पापा ने कहाँ सिखाया। चाचाजी ही तो बताते हैं। जैसे ही पानी उछलता है, बोलते हैं ना, आता! मतलब मछली आ रही है। उनकी हिंदी तो तू जानती है, आती को आता बोल देते हैं। तो मैं समझ जाती हूँ कि अभी आई नहीं है, आ रही है। रुक जाती हूँ। फिर जब धागा खुद चलने लगे, तब खींचती हूँ।"

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. बाबांचा 'आता' तिला हिंदीत ऐकू येत होता. आमचा तो एकुलता एक शब्द तिच्यासाठी बाबांची नेहमीची व्याकरणाची चूक होती, आणि त्या चुकीवर ती मासे धरत होती. मग बाकीचं माझ्या डोक्यात आपोआप उलगडलं. पाणी फुटतं तेव्हा मरळीनं बेडूक नुसता ओठात धरलेला असतो. तो घेऊन ती खाली वळते, दाबते, मग गळाची टोकं रबराबाहेर येतात. त्याच्या आधी ओढलं तर तिच्या तोंडातून नुसतं रबर निसटतं. कणकेच्या रोहूला बाबांचा 'आता' अगदी बरोबर होता, आणि रबराच्या बेडकाला तो दोन श्वास लवकर होता. माझा हात उतावळा नव्हता. माझा हात आज्ञाधारक होता.

एवढं कळल्यावर शहाण्या मुलीनं काय करावं? पुढच्या रविवारी दोन श्वास थांबावं आणि मरळ काढावी. मला ते सुचलं नाही असं नाही. पण मला माझा मासा लागण्यापेक्षा तिचा सुटायला हवा होता. ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे. मी दीदीच्या जवळ सरकले, तिच्या ओंजळीत माझ्या वाट्याच्या शेंगा टाकल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "दीदी, बाबा हिंदी नहीं बोल रहे। वो मराठी है। मराठी में 'आता' मतलब 'अभी'। वो बोलते हैं, अभी खींच।" तिचा चेहरा उतरला. "हाय राम," ती म्हणाली, "इतने दिन से चाचाजी बोल रहे हैं और मैं सुन ही नहीं रही! कितने सीधे हैं, कभी डाँटा भी नहीं।" तिनं माझ्या गालाला हात लावला, बरं झालं सांगितलंस म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय.

त्या रविवारी थंडी सरत आली होती. खदानीवर वारा नव्हता, पाणी तव्यासारखं सपाट होतं. दीदी काठी घेऊन फरशीच्या कडेवर, बाबा तिच्या डाव्या हाताला, मी मागे हातजाळी घेऊन. दोन तास काही झालं नाही. बाबांनी थर्मासमधला चहा वाटला. मग कमळाच्या पानांच्या फटीत एक रुंद काळी पाठ वर आली आणि गेली. बाबांनी चहाचा कप तसाच दगडावर ठेवला. "गार्डसाहेब," ते पुटपुटले. दीदीनं बेडूक फेकला. असा सुरेख पडला तो, पानाच्या कडेवर, जसा खरा बेडूक बसावा तसा. तिनं त्याला एक उडी मारायला लावली, दुसरी मारायला लावली, आणि पाणी बादलीनं उचलून आपटल्यासारखं फुटलं.

"आता!"

दीदीनं त्याच क्षणी ओढलं, सगळ्या ताकदीनं, शहाण्या विद्यार्थिनीसारखं. रिकामा बेडूक बाबांच्या खांद्यावरून मागे गेला. पाण्यावर गोल रेषा उठल्या, काठाला लागल्या आणि थांबल्या. तीन वर्षं बघितलेला मासा एका हिसक्यात गेला. आणि मी सांगते, मला आनंद झाला. पोटात ऊब आल्यासारखा झाला.

तो चहाच्या घोटाइतकाही टिकला नाही. दीदी रडवेली झाली होती. "सॉरी चाचाजी। आज मैंने आपके बोलते ही खींचा। पहले तो मैं गलत समझती थी। वो तो ज्योत्स्ना ने बताया, आता मतलब अभी।" तिच्या मनात काही नव्हतं. तिनं माझं नाव घेतलं ते माझे उपकार म्हणून घेतलं.

बाबांनी वळून पाहिलं. "पहले क्या समझता था तुम?" तिनं सांगितलं. आती, आता, आ रही है, रुकना, धागा चलना, सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते आणि त्यांची उजव्या हाताची बोटं हवेत हळूच वळत होती, जशी काही ते मनातल्या मनात ओढत होते, सोडत होते, पुन्हा ओढत होते. मग ते दगडावर बसले. "म्हणजे मी बोंबलून राहिलो होतो," ते स्वतःशीच म्हणाले, "अन् तिनं अजून गिळलंच नव्हतं." आणि दीदीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रोना नहीं बेटा। तुम्हारा कुछ नहीं। गलती मेरा है।"

गलती मेरा है. अख्खा हिवाळा माझे मासे सुटले तेव्हा माझा हात उतावळा होता. तिचा एक सुटला आणि चूक बाबांची झाली. मी मागे जाळी घेऊन उभी होते आणि मला त्या क्षणी दीदीचा जितका मत्सर वाटला तितका सबंध हिवाळ्यात वाटला नव्हता. माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मी तिला मारायला म्हणून जो दगड फेकला तो तिनं फूल म्हणून झेलला, आणि त्याचा हारही तिच्याच गळ्यात पडला.

थोड्या वेळानं बाबा उठले. बाभळीतून बेडूक सोडवून आणला, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बोटांत धरून कुठे काचला आहे का पाहिलं, ओठांत ओला करून गाठ नव्यानं मारली, आणि काठी माझ्यापुढे धरली. "टाक तू. मी काहीच बोलत नाही." खरंच बोलायचं नाही म्हणून त्यांनी गमछ्याचं टोक दातांत धरलं. मी फेकला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. शेजारी आवाज नाही. माझा हात आपोआप उसळायला निघाला आणि मी तो दुसऱ्या हातानं मनगटाशी दाबून धरला. बेडकाकडे बघायचं नाही, तंगुसाकडे बघायचं, एवढं मला दीदीच्या बोलण्यावरून कळलं होतं. एक. दोन. तंगूस डावीकडे सरकायला लागला, कुणी खालून चालत जात असल्यासारखा. मी टोक खाली केलं, ढील गोळा केली, वजन हाताला आलं, आणि मग कमरेतून ओढलं. गार्डसाहेब नव्हते ते. पण चांगली कोपरापर्यंतची मरळ होती. दीदी सलवारीसकट गुडघाभर पाण्यात शिरली, मी टाकून दिलेली जाळी तिनंच घेतली होती, आणि ती ओरडत होती, "आ गई! आ गई!" मासा काठावर आला तेव्हा तिनं मला ओल्या हातांनी मिठी मारली. मी तिच्या चेहऱ्यात मत्सर शोधला. कुठे कोपऱ्यात तरी असेल म्हणून नीट शोधला. नव्हता. मला त्याचाही राग आला.

परतताना बाबांनी मला मध्ये बसवलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

घरी मागच्या अंगणात नळाशी बाबा आणि मी मासा साफ करत बसलो. मरळ बुळबुळीत असते, चुलीची राख लावून धरावी लागते. मी राख चोळत होते, बाबा सुरीनं खवले काढत होते. रुळांवर कुठेतरी डबे एकमेकांना लागले. बाबांनी वर न बघता विचारलं, "जोसने, काहून सांगितलं तिले?"

"ती चुकीचं समजून राहिली होती," मी म्हटलं.

"हव." त्यांनी मासा उलटा केला. "पण ती चुकीचं समजे म्हणून तिले मासा लागे, हे तुले समजलं होतं ना? मी चुकून राहिलो, हेही समजलं असंल." मी राखेत हात घालून बसले. "मंग मले काहून नाही सांगितलं?"

ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि त्या गच्चीवर तुरीची शेंग हातात धरून मी जे काही विचार केले त्यांत बाबा कुठेही नव्हते. ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं म्हणत होते, त्यांना एक शब्द सांगावा, त्यांची तीन वर्षांची मरळ त्यांना मिळावी, असं माझ्या मनात चुकूनसुद्धा आलं नव्हतं. मी मान खाली घालून माशाच्या अंगावरची राख धुतली. ती आधीच धुऊन झाली होती.

आतून आईनं आवाज दिला, "रस्सा पातळ करू का घट्ट?"

"जोसनेले विचार," बाबा म्हणाले. "मासा तिचा आहे."

दीदी कपडे बदलून खाली जेवायला येणार होती. तिला रस्सा पातळ लागायचा, भाताबरोबर वाटी तोंडाला लावून प्यायला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"घट्ट," मी म्हणाले.